सान्वीची झूल

ताई,

पेपरात तुझी बातमी द्यायला फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसानं विचारलं, आणखी काही लिहायचं का. मी घाईत म्हणालो, लिहा, त्यांना शिवणकामाची आवड होती. फोन ठेवला आणि जीभ चावली. तीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवून तुझी मान धरली, डोळे अधू झाले, आणि शेवटचा ब्लाऊज देऊन झाला त्या दिवशी तू मशीन भिंतीकडे सरकवून वर जुनी चादर टाकलीस. आवड कसली. तुला आवडायचं ते वेगळंच होतं. ज्या लेकराला सुईत दोरा ओवता येत नाही ते ओठ चावत, एक डोळा मिटत शेवटी ओवतं आणि मान वर करून आधी तुझ्याकडे बघतं, ते बघायला तुला आवडायचं. हे पेपरच्या एका ओळीत मला बसवता आलं नाही.

तीन आठवडे झाले, मला एका जागी बसवत नाही. मंदा म्हणते, अहो, पाय दुखत नाहीत का तुमचे, सारखं वरखाली काय चाललंय. वरच्या नळाचा वायसर बदलला. तुझ्या खोलीतल्या पंख्याचा आवाज घालवला. तुझ्या मशीनला तेल दिलं, कुणी चालवणार नसताना. परवा तर कुलपांनाही तेल दिलं. घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून कागद घेतला, असं मंदाला सांगितलं आहे. तुला खरं सांगतो. कागद घेतला तो सान्वीमुळे. पोळ्यापासून तू जाईपर्यंत पाच महिने मला एकच प्रश्न विचारत होतीस आणि मी एकच उत्तर देत होतो. त्याविषयी लिहायचं आहे. पण एकदम तिथं जायला मन घेत नाही. थोडं इकडचं तिकडचं लिहितो, तुला माहीत असलेलंच.

सुरुवात फरहीनच्या दप्तरापासून झाली, आठवतं? दप्तराचा बंद तुटला म्हणून समोरच्या घरातून ती तुझ्याकडे आली. तुझं शिवणं बंद होतं. तू तिला सुई-दोरा दिलास आणि म्हणालीस, तूच शिव, मी बसते इथं. तिनं तासभर घेतला. बंद असा शिवला की दप्तर एका खांद्यावरच नीट बसायचं. पण ती ते दप्तर गल्लीभर मिरवून आली आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना घेऊन आली. मग रविवार ठरला, चार वाजता. उस्मानपुऱ्यात आपल्या गल्लीत गाड्या लावायला जागा नाही, पण तुझ्या दोन खोल्यांत अकरा लेकरं मावायची. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत यायचा आणि मला वर आमच्याकडे चढताना अडखळायला व्हायचं.

पहिल्या दिवशी तू कुणालाच दोरा द्यायची नाहीस. नुसती सुई आणि चिंधी. टोचायचं, काढायचं, टोचायचं, काढायचं. मी म्हणायचो, ताई, हे कसलं शिक्षण, बिनदोऱ्याचं. तू म्हणायचीस, आधी सुईची भीती जाऊ दे, दोरा कुठं पळून चाललाय. मग दोरा यायचा, तोही बोटापासून कोपरापर्यंतच. जास्त लांब घेतला की गुंतणार, गुंतला की लेकरू रडणार. एकदा ओजसनं मांडीवर कापड ठेवून इतका मन लावून धावदोरा घातला की कापड त्याच्या चड्डीलाच शिवलं गेलं. उठला तर चिंधी लोंबतेय. सगळी हसली, तो रडायच्या बेताला आला. तू त्याच्याजवळ जाऊन टाका निरखलास आणि म्हणालीस, टाका पक्का हाय, चड्डी फाटल पन हा निघनार नाय. तो पठ्ठ्या तसाच घरी गेला. आईनं कात्री लावायची म्हटलं तर लावू देईना.

बाहुल्या झाल्या, चिंध्यांचे चेंडू झाले, डब्यातल्या चमच्यासाठी पिशव्या झाल्या. एका चेंडूतून पहिल्याच षटकात चिंध्या बाहेर आल्या आणि गल्लीतलं क्रिकेट थांबवून चार जणं तुझ्या ओट्यावर तो शिवत बसली. आपल्या बटणांच्या डब्यात हात घालून नुसतं ढवळत बसणारं एक लेकरू होतं, दोन महिने त्यानं काहीच शिवलं नाही. मी म्हणालो, याला घरी पाठव, उगीच जागा अडवतोय. तू म्हणालीस, त्याचं चाललंय की काम. तिसऱ्या महिन्यात त्यानं एका रुमालाला अठरा बटणं लावली, रुमालाला, ज्याला एकही लागत नाही. तो रुमाल तू आतल्या दारावर टांगलास. आजही तिथंच आहे.

आणि तुझा तो नियम. लेकराच्या कामाला मोठ्यानं हात लावायचा नाही. बोट दाखवायचं, तोंडानं सांगायचं, फार तर दुसऱ्या चिंधीवर करून दाखवायचं. त्याच्या कापडाला हात नाही. टाका वाकडा आला तर वाकडा. उसवायचा असेल तर ज्याचा त्यानं उसवायचा, आणि त्याला वाटलं तरच. मुलांच्या आया यायच्या, म्हणायच्या, ताई, जरा तेवढं नीट करून द्या ना, शाळेत दाखवायचंय. तू हसून चहा टाकायचीस आणि ते नीट करून द्यायची नाहीस.

तुझ्या त्या रविवारांत मी आलो तो पट्टी घेऊन. चिकलठाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेले पार्ट तपासले. चांगला पार्ट माझ्या नजरेला दिसायचाच नाही, खोट तेवढी दिसायची, आणि त्याच नजरेचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर रविवारी चहाचा कप घेऊन खाली येऊन बसलो, तर समोर अकरा लेकरांचे हातभर वाकडे टाके. हात शिवशिवायला लागले. खिशात सहा इंची पट्टी होतीच. हे टाके पाव इंचाचे, हे अर्ध्या इंचाचे, कसं चालेल? पाटीचा खडू घेऊन चुकल्या जागी गोल करायला लागलो. लेकरांनी माझं नाव रिजेक्ट काका ठेवलं. पहिल्या रविवारी तू ते चालू दिलंस. दुसऱ्या रविवारी तू लेकरांच्या हातात खडू दिलास आणि म्हणालीस, आता काकाची तपासनी करा. त्यांनी मला उभं केलं. कॉलरचा दोरा निघालेला, तिथं गोल. पँटच्या खिशाची शिवण सुटलेली, तिथं गोल. शर्टाचं पोटावरचं बटण नव्हतंच, तिथं दोन गोल. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तुझ्यासमोर मांडी घालून हातानं पहिलं बटण लावलं. मशीन मला चालवता यायचं, तुझं मशीन दुरुस्त करता करता शिकलो होतो, पण हातातली सुई कधी धरली नव्हती. फरहीननं माझं बटण ओढून बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, चलेगा.

त्या दिवसासारखा मी कधी हसलो नव्हतो, नोकरीच्या तीस वर्षांत तर नाहीच. ते तुला कधी सांगितलं नाही. रविवारी साडेतीनलाच मी वरून खाली डोकावायला लागलो होतो ते तुला दिसत असणार, पण मी म्हणायचो, चहाला आलोय. आता सांगतो, चहा वरही मिळत होता.

आता सान्वी. समोरच्या गल्लीत भाड्यानं राहायचे ते लोक, चौथीतली पोर, बोलायची कमी आणि नखं कुरतडायची. आजोबांचं गाव अजिंठ्याच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच बाजूचं, म्हणून तुझा तिच्यावर जरा जास्त जीव. पोळ्याच्या आधी सगळ्या लेकरांनी गच्चीवर मातीचे बैल केले आणि त्यांच्यासाठी तळहाताएवढ्या झुली शिवल्या. सान्वी म्हणाली, मला खऱ्या बैलाची शिवायची आहे. आजोबांच्या पाखऱ्याची. तू क्षणभर तिच्याकडे बघितलंस आणि कपाट उघडून जुनी जाड चादर काढलीस.

दोन महिने ती पोर त्या चादरीवर बसून होती, खरोखर वर बसून, कारण ती चादर तिच्यापेक्षा मोठी होती. ब्लाऊजांच्या उरलेल्या कापडाचे तुकडे, लाल दोरा, कडेला काळी पट्टी. एका कोपऱ्यात मोर काढला, तो पाहून ओजस म्हणाला, ही कोंबडी आहे का. सान्वी म्हणाली, मोर आहे, तो खाली बसलाय. पट्टी एका बाजूला नागमोडी गेली होती. टाके कुठं बारीक, कुठं बोटभर. मी गप्प बसायला शिकलो होतो, निदान तोंडानं. पण मनात हिशेब चालूच होता. बैल अंग थरथरवणार, वेशीत गर्दी होणार, ढोल वाजणार, आणि हे बोटभर टाके फटाफट तुटणार. चारचौघांत त्या पोरीचं हसं होणार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, दुपारी तिनं झूल घडी करून तुझ्या पलंगावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे वडील घेऊन जाणार होते. तू पलीकडच्या घरी सत्यनारायणाला गेली होतीस. मी खाली आलो. झूल उघडली. आधी फक्त काळी पट्टी, म्हटलं, तेवढी मजबूत करावी. मशीनवरची चादर काढली, मशीन ओढलं, टीप मारली. सरळ आली. ती सरळ झाल्यावर शेजारचे तुकडे जास्तच वाकडे दिसायला लागले. मग ते उसवले. शेवटी मोर. त्याला मी पाय दिले, ताई. खाली बसलेल्या मोराला मी उभा केला. दोन तासांत सगळं झालं, घडी तशीच घातली आणि मशीनवर चादर टाकली. मला वाटलं, मी पोरीला मदत केली. तुझी शपथ, मला तेव्हा तसंच वाटलं.

पोळ्यानंतर सान्वीचे वडील आले ते हसत. म्हणाले, ताई, गावानं तोंडात बोटं घातली, सगळे म्हणाले, मशीनवानी टीप हाय, नऊ वर्षांच्या पोरीची. ते गेल्यावर तू उठून मशीनवरची चादर उचललीस आणि दोऱ्याची बॉबिन बघितलीस. लाल. मला ती काढून ठेवायचं सुचलं नव्हतं. तपासणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला.

"बापू, तू चोरी केली," तू म्हणालीस.

मी भडकलो. कसली चोरी? बैलाच्या अंगावर फाटली असती ती. तू म्हणालीस, "फाटली असती तर फाटली असती. तिची फाटली असती."

मग तू मला ते सांगितलंस, जे मला माहीत नव्हतं, मी तेव्हा चार वर्षांचा असेन. तू दहा वर्षांची असताना दादांच्या बैलाला झूल शिवली होतीस आणि ती भर वेशीत एका बाजूनं उसवून खाली लोंबली. लोक हसले. दादांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, बैलाच्या पोटाखालून झूल बांधली आणि मोठ्यानं म्हणाले, माझ्या लेकीनं शिवलीय, आणि मिरवणुकीत तशीच नेली. तू म्हणालीस, त्या दिवशी मला कळलं की शिवता येतं मला. मी म्हणालो, सगळ्यांचे बाप आपल्या दादांसारखे नसतात, ताई. तुझं नशीब होतं, तिचं असंच असेल कशावरून? तू म्हणालीस, ते बघायचा तिचा हक्क होता. मी म्हणालो, नऊ वर्षांच्या पोरीला कसला हक्क. भांडण तिथंच राहिलं. मला अजून वाटतं, मी अगदीच चुकीचं बोललो नव्हतो. लोक हसतात, ताई. मी कारखान्यात पोरांना रडताना बघितलं आहे, माझ्याच शेऱ्यावरून. पण तू खोटं बोलत होतीस असंही मला म्हणता येत नाही, आणि आता तू नाहीस, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं. फार दमायला होतं.

सान्वी पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तू म्हणालीस, जा, तिला सांग. मी म्हणालो, जाईन. समोरच्या गल्लीत, पन्नास पावलांवर ती राहत होती, तेव्हा मला वेळ नव्हता. दिवाळीआधी ते लोक चिकलठाण्याला नव्या इमारतीत राहायला गेले, मग अंतर झालं. दर रविवारी लेकरं गेली की चिंध्या गोळा करता करता तू विचारायचीस, "सान्वीकडं गेला का रे?" मी म्हणायचो, जाईन. चिडून विचारलं नाहीस कधी. चिडली असतीस तर मीही चिडलो असतो आणि विषय संपला असता. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू फक्त माझ्याकडे बघितलंस आणि मी म्हणालो, जाईन. तू हात झटकलास, माशी हाकलावी तसा.

तुझा तेरावा झाला. त्यानंतरच्या रविवारी चार वाजता दार वाजलं. सान्वी सोडून सगळी. आयांनी सांगितलं नव्हतं की सांगूनही ती आली होती, माहीत नाही. मी दारात उभा, काय करावं कळेना. फरहीन माझ्या हाताखालून आत शिरली, तिनं सतरंजी अंथरली, ओजसनं बटणांचा डबा काढला, आणि सगळी शिवायला बसली. एक नवी मुलगी होती, तिला फरहीननं सुई दिली. दोरा दिला नाही. मी आतल्या खोलीत गेलो आणि तोंडाला टॉवेल लावून उभा राहिलो. बाहेर आलो तर फरहीन म्हणाली, "अंकल, सान्वी को किसी ने बोला क्या?" तू गेलीस हे सान्वीला कुणी सांगितलं का, असं. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, मी सांगतो.

सोमवारी निघालो. जालना रोडनं गेलो ते सरळ जुन्या कारखान्याच्या फाटकापर्यंत, तिथं टपरीवर दोन चहा घेतले आणि परत आलो. मंदाला म्हणालो, पत्ता सापडला नाही. पत्ता खिशातच होता. मंगळवारी पुन्हा निघालो, वाटेत पेट्रोल भरलं, हवा भरली, नको असताना आरसा घट्ट करून घेतला. इमारतीखाली पोहोचल्यावर लिफ्ट चालू असताना तीन मजले जिन्यानं चढलो.

सान्वीच्या आईला बातमी फोनवर कळली होती, पण लेकीला कसं सांगावं ते तिला सुचत नव्हतं. ती हळूच म्हणाली, काका, तुम्हीच सांगा. सान्वी गॅलरीत गृहपाठ करत होती. उंच झाली आहे. मी सांगितलं. तिनं विचारलं, कधी. मी सांगितलं. तिनं विचारलं, दुखत होतं का त्यांना. मी म्हणालो, हो, थोडं. वरून विमान गेलं. मग मी म्हणालो, सान्वी, तुझी झूल मी उसवली होती.

ती म्हणाली, "नाही. ताईंनी."

मी म्हणालो, मी. मशीन मी चालवलं. मोराला पाय मी काढले.

"नाही काका. त्या स्वतः येऊन सांगून गेल्या."

तिची आई दारात होती, तिनं मान हलवली. पोळ्यानंतर दोनच दिवसांनी तू त्यांच्या जुन्या घरी गेली होतीस. दारातच उभी राहिलीस, बस म्हटलं तरी बसली नाहीस. म्हणालीस, सान्वी, तुझं काम मी उसवलं, माझं चुकलं. आणि त्या गरीब पोरीनं तुला तोंडावर खोटारडी म्हटलं. तुम्हीच म्हणता हात लावायचा नाही, तुम्ही खोटारड्या आहात, मी परत येणार नाही. तू म्हणालीस, बरं. आणि जिना उतरलीस.

ताई, कुणी सांगितलं होतं तुला? मला आत्ताही हे लिहिताना राग येतो आहे, उठून दोन फेऱ्या मारून आलो. माझी चूक तुझ्या नावावर घ्यायचा तुला काय अधिकार? लेकराच्या कामाला हात लावायचा नाही म्हणतेस, मग माझ्या चुकीला का लावलास? मला वाटतं, तू म्हणाली असशील, माझ्या घरात झालं म्हणजे मीच केलं. किंवा तुला वाटलं असेल, बापू जाणार नाही, पोर किती दिवस वाट बघणार. की दोन्ही? आणि मग दर रविवारी मला विचारत राहिलीस. मी एकदा जरी गेलो असतो तर तुझं खोटं उघडं पडलं असतं, हे तुला माहीत होतं. तरी विचारत राहिलीस. मी पाच महिने तुला टाळत होतो आणि तू पाच महिने माझ्यासाठी खोटारडी होऊन बसली होतीस, त्याच सतरंजीवर, माझ्यासमोर चहा पीत.

सान्वी रडली नाही. तिनं पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मग विचारलं, "मग मी आता सॉरी कुणाला म्हणू?"

खरं सांगून मोकळं व्हायला आलो होतो आणि माझं ओझं उचलून त्या पोरीच्या डोक्यावर ठेवलं होतं. ती तुझ्यावर रागावलेली होती तोवर सुखी होती. हेही तू ओळखून होतीस का? तिची आई म्हणाली, असू दे गं, ताईंना सगळं कळतं. सान्वीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हणालो, तू मला सांग. मी ताईला पत्र लिहिणार आहे, त्यात लिहितो.

ती म्हणाली, "तुम्ही बदलून लिहाल."

मी म्हणालो, नाही बदलणार. ती म्हणाली, चांगलं करून लिहाल. मी म्हणालो, तू सांगशील ते अक्षर न अक्षर. शेवटी वहीचं पान फाडून तिनं स्वतःच लिहायला घेतलं, दोनदा खोडलं, आणि पान माझ्यासमोर धरून मला मोठ्यानं वाचायला लावलं. वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. ती म्हणाली, तसंच आहे. पान तिनं मला दिलं नाही, तिच्याकडेच ठेवलं. पाठ करून जा म्हणाली. रविवारी येशील का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. घरी येईपर्यंत सिग्नलवरसुद्धा मी तेच म्हणत होतो.

ताई, हा सान्वीचा निरोप. माझा यात एक शब्द नाही:

"ताई सॉरी. मी तुम्हाला खोटारडी म्हणले. पण तुम्ही खरंच खोटं बोलल्या होत्या म्हणून हे अर्धंच सॉरी आहे. माझा मोर बसलेलाच होता."

उरलेलं अर्धं कुणाचं, हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चार दिवस झाले, त्याच्यासाठी बसतो आणि उठतो. समजावून सांगायला गेलो की बैल मधे येतो, वेस मधे येते, लोक मधे येतात. ते सगळं काढून टाकल्यावर एवढंच उरतं. ताई, ती झूल फाटली असती, तर मी तिथं नसतो. तिचे आजोबा असते, तुझ्या वेळी दादा होते तसे. हे मला ध्यानात घ्यायचंच नव्हतं.

माझं चुकलं.